दुरुस्तीचं टेबल

"बटणं काढा की, चिठ्ठीताई. सुई तयार आहे," नर्स म्हणाली.

चिठ्ठीताई स्वेटरच्या पहिल्याच बटणाशी झुंजत होत्या. "काज तंग आहेत गं. नवा आहे ना," त्यांनी ठोकून दिलं. स्वेटर सात वर्षांचा होता. शेजारी बसलेल्या नवऱ्याने बटणं काढून दिली. नर्सने पोटात सुई दिली.

चिठ्ठीताई हे नाव शर्टांच्या कारखान्यातलं. शेवटच्या तपासणीच्या टेबलावर एकतीस वर्षं काढली त्यांनी. डोळे मिटून शिवणीवरून बोट फिरवलं, की उसवलेला टाका हाताला लागायचा. मग लाल चिठ्ठी. एक चिठ्ठी लागली, की शर्ट दुरुस्तीच्या टेबलावर जायचा. तिथून तसाच परत आला तर दुसरी, मग तिसरी. एकाखाली एक चार चिठ्ठ्या लागल्या, तरच तो कातरयंत्रात. त्याचेही धागे पुन्हा कामाला यायचे. एका चुकीपायी कुणाला मोडीत काढायचं नाही, हा ताईंचा खाक्या.

रक्ताचा कर्करोग निघाला, तेव्हा डॉक्टरांनी औषध समजावून सांगितलं होतं. "पेशीतही तुमच्यासारखीच तपासणी असते, ताई. एखादं प्रथिन नीट घडलं नाही, तर आधी दुरुस्तीचा प्रयत्न. नाहीच जमलं तर त्याला खुणेच्या चिठ्ठ्यांची माळ लागते आणि ते कातरयंत्रात जातं. तुमच्या बिघडलेल्या पेशी नुसता प्रथिनांचा ढीग घालताहेत. आपण त्यांचं कातरयंत्रच बंद पाडायचं."

"म्हणजे कारखाना स्वतःच्याच कचऱ्यात बुडणार!" ताई म्हणाल्या. डॉक्टर खो खो हसले.

आणि तसंच झालं. तीन महिन्यांत रक्ताचे आकडे सुधारले. ताई येताजाता त्या औषधाला हात जोडायच्या. फक्त त्याच औषधाने बोटांना आधी मुंग्या आल्या आणि मग बोटं बधिर झाली. हे कळलं तर औषध बंद करतील, मग आपलं काय, या धास्तीने त्या कुणाजवळ बोलल्या नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

नर्सने मात्र आज बटणाशी चाललेली झुंज हेरली होती. सुई टाकून दिल्यावर तिने आपल्या अ‍ॅप्रनचा काठ त्यांच्या हातात दिला. "डोळे मिटा आणि सांगा, ही शिवण कशी आहे?"

ताईंनी डोळे मिटले. बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं.

"सरळ आहे. पास."

"ताई, बोटभर उसवली आहे."

ताईंनी डोळे उघडले. धागा लोंबत होता. त्या बघतच राहिल्या आणि मग त्यांचा बांध फुटला. "एकतीस वर्षं दुसऱ्याचा एक टाका सोडला नाही गं मी. आणि स्वतःचा दोष लपवला. औषध बंद करू नका. मला जगायचंय."

"बंद कोण करतंय?" नर्सने त्यांची बोटं आपल्या दोन्ही हातांत धरली. "आधीच सांगायचं होतंत. मोडीत नाही काढत तुम्हाला. दुरुस्तीच्या टेबलावर पाठवते."

डॉक्टर आले, रागावले, मग समजुतीने बोलले. आठवड्याच्या दोन सुयांऐवजी एकच, तीही कमी ताकदीची. बोटांची जाणीव कदाचित हळूहळू परत येईल, पूर्वीसारखी येईलच असं नाही. पण औषध चालू राहील. ताईंना एवढं पुष्कळ होतं. आपल्यालाही कुणीतरी इतकं डोळ्यांत तेल घालून तपासतंय, या विचाराने त्यांचा ऊर भरून आला.

"सुई-दोरा आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"आहे. पण ताई, तुमची बोटं..."

"माझी नाहीत. ह्यांची आहेत ना."

नवरा जन्मभर बस चालवलेला माणूस. दोरा ओवायलाच त्याला पाच मिनिटं लागली. नर्स अवघडून उभी राहिली, तो खुर्चीत वाकून तिच्या अ‍ॅप्रनचा काठ शिवू लागला आणि ताई शेजारून सांगत राहिल्या, "जवळ घाला टाका. आणखी जवळ. आता गाठ."

"बघ बाई कसं झालंय," तो घाम पुसत म्हणाला.

ताईंनी बोट लावलं नाही. काठ उचलून त्यांनी गालाला लावला, डोळे मिटले आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला.

"वाकडी आहे," त्या म्हणाल्या. "पण धरेल. पास."