दाराखालची फट

तीस खुर्च्या मांडायच्या की पन्नास, यावरून सकाळी आठ वाजताच माझं आणि बाबांचं वाजलं.

"तीसच मांड," बाबा म्हणाले. "खुर्च्या कमी असल्या की हॉल भरल्यासारखा दिसतो."

"आणि पन्नास माणसं आली तर?"

"मी आहे ना खुर्च्या उचलायला. आधी येऊ तर देत."

बाबा सुतार. चाळीस वर्षं दारं-खिडक्या केल्या. आता रिटायर झालेत, म्हणजे घरातल्या प्रत्येक बिजागरीला तेल घालत फिरतात आणि आईचं डोकं खातात. आदल्या दिवशी संस्थेने पोस्टर लावायला तीन बोर्ड दिले, तर तिन्ही लंगडे. मी बाबांना फोन केला आणि ते सकाळी हत्यारांची पिशवी घेऊन हजर झाले. बोर्ड अर्ध्या तासात सरळ उभे राहिले. त्यानंतर त्यांना करायला काही उरलं नाही, म्हणून ते माझ्या खुर्च्यांच्या मागे लागले.

आमच्या संस्थेत आम्ही दोघं मिळून 'झुळूक' नावाचं सॉफ्टवेअर लिहितो आणि सांभाळतो. इमारतीचा नकाशा दिला की आतली हवा कशी फिरेल, आग लागली तर धूर कुठे जाईल, कुठली खोली कोंदट राहील, हे झुळूक गणित करून दाखवतं. दोघांपैकी एक मी. दुसरा गणिती. त्याचं खरं नाव हजेरीपटात असेल, पण आम्ही सगळे त्याला गणितीच म्हणतो. तो समीकरणांशी बोलतो, माणसांशी बोलायचं काम माझ्या गळ्यात.

तीन महिन्यांपूर्वी संचालकांनी मला बोलावून एकच प्रश्न विचारला, "हे तुमचं झुळूक वापरतं कोण?" झुळूक फुकट आहे, कोणीही घ्यावं, नाव-गाव सांगायची गरज नाही. वापरतं कोण, हे आम्हाला कसं कळणार? तीन महिन्यांनी, म्हणजे आता या शुक्रवारी, समितीची बैठक होती आणि झुळूक बंद करून बाजारातलं तयार सॉफ्टवेअर घ्यायचं, असा ठराव तिच्यासमोर होता. "वापरणारी माणसं दाखवा," संचालक म्हणाले, "तर मी समितीत तोंड उघडीन." अकरा वर्षं पोटच्या पोरासारखं वाढवलेलं काम एका ठरावात जाणार, या विचाराने मी दोन दिवस धड जेवले नाही. तिसऱ्या दिवशी ठरवलं, माणसंच हवीत ना, माणसं आणते.

म्हणून हा मेळावा. झुळूक वापरणारे आणि झुळूक लिहिणारे, एका हॉलमध्ये, एक दिवस. जुन्या ईमेल उकरून मी त्र्याऐंशी पत्ते काढले आणि सगळ्यांना आमंत्रण धाडलं. यातले बहुतेक पत्ते, खरं सांगायचं तर, कधीतरी आमच्यावर डाफरलेल्यांचे होते. खूश असलेला माणूस कशाला ईमेल करतोय?

साडेनऊला पहिली गाडी लागली आणि मग गाड्या थांबेचनात. कोंबड्यांच्या शेड बांधून देणाऱ्या एक बाई आल्या, आम्ही त्यांना लगेच पोल्ट्रीताई म्हणायला लागलो. अग्निशमन दलाचे एक अधिकारी कडक गणवेशात आले. एका मोठ्या हॉस्पिटलचे हवा-इंजिनियर आले, वयाने बाबांच्या आसपासचे, आणि मांडीवर पिशवी घेऊन कोपऱ्यात बसले. नाट्यगृहवाले, शीतगृहवाले, कॉलेजची पोरं. पावणेदहाला खुर्च्या संपल्या. बाबा दोन्ही हातांत दोन-दोन खुर्च्या घेऊन आत-बाहेर करत होते आणि हरल्याचं जराही दुःख त्यांच्या चेहऱ्यावर नव्हतं. मी एकोणपन्नास डोकी मोजली. माझ्या पायाला भिंगरी लागली होती. आनंद पोटात माईना.

"गणित्या, एकोणपन्नास!"

"मूळ संख्या नाही," तो म्हणाला. पण कान लाल झाले होते त्याचे.

दहाला संचालक आले, पहिल्या रांगेत बसले, घड्याळ बघून म्हणाले, "अर्धा तास आहे माझ्याकडे."

अर्धा तास म्हणजे सोन्याची संधी. मी माईक घेतला आणि सुटले. झुळूक कुठून आलं, कुठे चाललंय, सगळं धडाधड. आणि भरात येऊन म्हणाले, "आता दाराचंच घ्या. दाराचा सगळा भाग मी स्वतः लिहिलाय. नोकरीतलं माझं पहिलं काम. अकरा वर्षांत त्यावर एकही तक्रार आलेली नाही!"

टाळ्या पडल्या, पण जरा बिचकत. दोन-चार जणांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, कौतुकाने पाहताहेत.

मग गणितीने पडद्यावर नमुना दाखवला. दोन खोल्या, मध्ये बंद दार. एका खोलीत पंख्याने हवा सोडलेली, ती खिडकीतून बाहेर जातेय. निळे बाण छान वाहत होते.

"खिडकी बंद करा की," अग्निशमनवाले म्हणाले. "आमच्याकडे खिडक्या बंद असतात."

गणितीने खिडकी बंद केली. बाण थरथरले, आकडे भसाभस वाढले आणि झुळूक लाल ओळ दाखवून ठप्प झालं. संचालकांनी खिशातून पेन काढलं.

"अहो, आधी फट काढा ना!" पोल्ट्रीताई ओरडल्या.

"कुठली फट?" मी विचारलं.

"दाराखालची. फट काढल्याशिवाय चालतं का ते? मी तर नकाशात प्रत्येक दाराखाली बारीक खिडकी काढते. एक सेंटीमीटर."

"तुम्हीपण?" नाट्यगृहवाले उभेच राहिले. "मी मांजर जाईल एवढी ठेवतो!"

"आम्ही आठ मिलिमीटर," शीतगृहवाले.

"थांबा, थांबा," मी म्हणाले. "फट काढणारे हात वर करा."

हातच हात. मोजायची सोयच नव्हती, सगळा हॉल वर. आणि सगळे एकमेकांकडे बघत होते, कारण प्रत्येकाला आजवर वाटलं होतं की हा उद्योग आपण एकटेच करतो.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी लिहिलेलं दार बंद झालं की हवाबंद होतं. शंभर टक्के. खोलीत हवा शिरतेय आणि निघायला वाटच नाही, मग गणित तरी काय करणार? आणि आम्हाला हे कधीच दिसलं नाही, कारण आमच्या चाचणीच्या खोलीत अकरा वर्षं एक खिडकी उघडी होती.

संचालक माझ्याकडे बघत होते. गणितीही. "ते मुद्दाम तसं ठेवलंय" असं ठोकून देता आलं असतं. संचालकांना कुठे काय कळणार होतं? जिभेवर आलंही होतं. पण समोर एकोणपन्नास माणसं होती, ज्यांनी माझ्या चुकीखाली वर्षानुवर्षं फटी काढल्या होत्या. त्यांच्या तोंडावर खोटं बोलायचं मला जमेना.

"चूक आहे," मी म्हणाले. "आणि ती माझी आहे. मी दार बिनफटीचं केलं."

"सुताराची पोर आणि बिनफटीचं दार!" मागून बाबांचा आवाज आला. "अगं, घासेल ना ते!"

हॉल हसून हसून लोळायचा बाकी राहिला. त्यानंतर माझा कार्यक्रमपत्रिकेचा कागद कोणी विचारला नाही. लोक फळ्याकडे धावले, कोण किती फट ठेवतो ते लिहायला लागले. कोणी हॉलच्या दाराखाली पट्टी सारून बघत होतं, बाबा त्याला पट्टी कशी धरायची ते शिकवत होते. गणिती, आमचा मुका गणिती, पोल्ट्रीताईंशी तावातावाने भांडत होता की फट जमिनीलगत धरायची की चारी बाजूंनी वाटून. अर्धा तास केव्हाच उलटला होता आणि संचालक अजून तिथेच होते.

ते उठले.

"मला एक सांगा," ते लोकांना म्हणाले. "अकरा वर्षं दार चुकीचं. मग दुसरं काही घ्यायचं सोडून तुम्ही यालाच का चिकटून राहिलात?"

"दुसऱ्यात आत हात घालू देत नाहीत, साहेब," पोल्ट्रीताई म्हणाल्या. "ह्यात अडलं की उघडून बघता येतं."

कोपऱ्यातले हॉस्पिटलवाले उभे राहिले. त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढली आणि संचालकांच्या हातात दिली. "संसर्गाच्या वॉर्डमधली हवा दुसरीकडे जाता कामा नये," ते म्हणाले. "तिथले पंखे आम्ही झुळूक सांगेल तसे लावतो. पण फट अंदाजाने ठेवून कसं चालेल? खोली रिकामी झाली की मी गुडघ्यावर बसून मापतो. सहा वर्षं मापतोय. मला वाटायचं, आमच्याच दारांत खोट आहे. कोणाला सांगायचं म्हणजे लाज."

संचालक पानं उलटत राहिले. मग म्हणाले, "शुक्रवारी माझ्याबरोबर समितीपुढे याल?"

"येईन की."

"आणि तुम्हीही," ते माझ्याकडे वळले. "दारापासून सुरुवात करायची. काय चुकलं, ते आधी सांगायचं. मग ही वही दाखवायची. झुळूक बंद करा म्हणायची कोणाची छाती होते ते मी बघतो."

मी हो म्हणाले असावे. टाळ्यांत मलाच ऐकू आलं नाही.

संचालक वही परत करून गेल्यावर हॉस्पिटलवाल्या काकांनी ती माझ्या हातात ठेवली. "शुक्रवारनंतरही तुमच्याकडेच राहू दे. पुढच्या महिन्यात मी रिटायर होतोय. आता झुळूकलाच कळू दे, खरं दार कसं असतं ते."

"काका, पण हे तुमचं..."

"अहो, घ्या हो."

मी वही उघडली. प्रत्येक ओळीत दाराचा नंबर, डावीकडची फट, मधली, उजवीकडची, तारीख. बारीक, नेटकं अक्षर. मी शेवटचं पान काढलं. दार क्रमांक तीनशे बारा, तारीख कालची. मी सगळ्यांदेखत रडले.