बोहनी होईपर्यंत

"विलायतेची मांजर येणाराय! प्रशांतकुमार घेऊन यायलाय. दुधासारखी पांढरी हाय म्हणे. अण्णा तिला गल्ल्याशेजारी बसवणार, अन् तुमच्या काळीला पोत्यात घालून जनवाड्याला..."

इतकंच माझ्या कानावर पडलं आणि भागम्मानं मसाल्याचा मिक्सर सुरू केला. मिक्सर थांबला तेव्हा कोथिंबीर विकायला आलेली गंगव्वा टोपली उचलून पुढच्या गल्लीला लागली होती. जनवाड्याला नेऊन काय करणार, ते मिक्सरच्या घरघरीत वाटलं गेलं.

गंगव्वा ज्या काळीबद्दल बोलत होती ती मीच. बसवकल्याणच्या बसस्टँडपलीकडे, उमरग्याच्या रस्त्याला ज्ञानोबाअण्णाचा बार आहे ना, त्या बारची मांजर बोलतेय मी. भटकी म्हणू नका हो मला, मी नोकरीवर आहे.

माझा जन्म खटकचिंचोळीचा. आठवडी बाजारात धान्याच्या थप्पीमागे आईनं आम्हाला जन्म दिला. बाकीची भावंडं ठिपक्यांची, पट्ट्यांची. मी तेवढी नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत कुट्ट काळी. त्यामुळं भावंडांना लोक उचलून नेत आणि मला पाहून पुढं जात. माझं शिक्षण बेताचंच. तिथल्या शाळेच्या खिडकीत उन्हाला बसून जे कानावर पडलं तेवढंच. पण भाषा मला तीन येतात. मराठीत "शुक शुक" म्हणून हाकलतात, कन्नडमध्ये "होगु" म्हणून आणि हिंदीत "चल भाग" म्हणून. तिन्ही मला चांगल्या समजतात.

भागम्मा या बारात स्वयंपाक करते. एकदा बाजाराला आली तेव्हा शेंगांच्या पिशवीबरोबर तिनं मलाही उचललं. बारात चखण्याच्या शेंगा-फुटाण्यांची पोती असतात आणि पोती आली की उंदीर आलेच. ते काम माझं. मोबदल्यात दुधात कुस्करलेली भाकरी आणि पाठीवरून फिरणारा भागम्माचा खरबरीत हात.

एकच अट होती, अण्णाची. बोहनी होईपर्यंत मी बाहेर दिसायचं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक आलं, पहिला पैसा गल्ल्यात पडला, अण्णानं तो कपाळाला लावला, की मगच रिकाम्या बाटल्यांच्या खोलीची कडी निघायची. "काळी मांजर आडवी गेली तर धंदा बसंल," असं अण्णा म्हणायचा. पहिलं गिऱ्हाईक उशिरा आलं की माझी न्याहारीही उशिरा. या रस्त्यानं येणाऱ्या पहिल्या तहानलेल्या माणसाची माझ्याइतकी वाट कुणी पाहिली नसेल.

एकदा बाहेर आले की मात्र सगळा बार माझा. कुणाच्या घरी काय शिजतंय, कोण कुणाशी बोलत नाही, सारं मला टेबलाखाली कळतं. माणसं वर एक बोलतात आणि खाली त्यांचे पाय दुसरंच बोलतात. वर "आता शेवटचा" म्हणणाऱ्याचे पाय निवांत पसरलेले असतात. "मला कुणाची भीती न्हाई" म्हणणाऱ्याच्या चपला आधीच दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात. मी कुणाचं कुणाला सांगत नाही. ऐकते मात्र सगळं.

माझं बरं चाललं होतं. मग तो फोन यायला लागला.

प्रशांतकुमार अण्णाचा भाचा. तो विलायतेत नोकरीला आहे. तिकडे बारला पब म्हणतात. रविवारी तो पबात जायचा आणि तिथून मामाला व्हिडिओ कॉल लावायचा. अण्णा फोन उंच धरून टेबलाटेबलावर फिरवायचा. मला खालून फोनची पाठ तेवढी दिसे, पण कान तर होते ना!

"बगा बगा! काउंटरवर झोपलीया! गिऱ्हाईक स्वतःचा ग्लास बाजूला घ्यायलाय, पण तिला उठवंना!"

"मामा, ही पेनी, या पबातली मांजर. लोक हिला बघायलाच येतात."

त्या पबात शेकोटीपुढं एक जाडं कुत्रं लोळायचं. दुसऱ्या एका पबात पोपट होता, तो येणाऱ्याला रामराम करायचा. तिसऱ्यात तर घोडं दारातून मान आत घालायचं. घोड्याचं मला काही वाटलं नाही. पण पेनी! उंदीर धरते का? नाही. कोंडून घेते का? नाही. नुसती झोपते आणि तिला बघायला लोक येतात. माझा नुसता जळफळाट व्हायचा. विलायतेची म्हणजे गोरीच असणार, असं मी धरून चालले होते. त्यात गंगव्वानं तिला दुधासारखी पांढरी करून टाकलं. त्या दिवशी मला दूध गोड लागलं नाही.

ती येण्याआधी अण्णाला आपली किंमत दाखवावी, असं मी ठरवलं. पोत्यामागे एक घूस बरेच दिवस मला चकवत होती. तिला धरलं, ओढत आणलं, उडी मारली आणि थेट काउंटरवर, सगळ्यांसमोर, मांडली.

समोर होते गुंडेराव. पेन्शनीत निघालेला सभ्य माणूस. उमरग्याची बस येईपर्यंत एक ग्लास घेऊन बसायचे. घूस नेमकी त्यांच्या शेंगांच्या बशीत पडली.

"अरे देवा!" म्हणून गुंडेराव उठले ते थेट बसस्टँडवर. छत्रीसुद्धा विसरले.

अण्णा लालबुंद झाला. "भागम्मा! ही अवदसा जनवाड्याला धाड! तुझी बहीण मांजर मागायलीया न्हवं? घाल पोत्यात अन् दे तिला!"

जनवाड्याला भागम्माची बहीण दानम्मा राहते, तिच्या ज्वारीला उंदीर लागलेत, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे गंगव्वा खोटं बोलत नव्हती. दानम्मा वाईट नसेल हो. पण तिथं माझं टेबल नाही, ती पावलं नाहीत, तो खरबरीत हात नाही. आणि माझ्या जागी ती पांढरी!

दोन दिवसांनी प्रशांतकुमार आला. मी फ्रीजखाली दबा धरून बसले. पिंजरा कुठं दिसेना. त्याच्या काखेत कागदात गुंडाळलेली एक चपटी वस्तू होती. अण्णानं कागद फाडला.

आतून चौकटीतली तसबीर निघाली. पेनीची. काउंटरवर ऐटीत बसलेली.

कुट्ट काळी. नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत.

अण्णानं तसबीर उजेडाकडे धरली.

"काळी हाय की रे ही!" अण्णा म्हणाला. "फोनवर एवढी कळली न्हवती. मला सावली वाटायची."

"मामा, तिकडं काळी मांजर आडवी गेली तर कैक लोक शुभ मानतात. लक्ष्मीच समजा."

"मग आपल्या काळीनं काय पाप केलंय अण्णा?" भागम्मानं झाऱ्यासकट बाहेर येऊन विचारलं.

अण्णानं तसबीर धोतरानं पुसली आणि म्हणाला, "विलायतेचं येगळं असतंय. तिकडलं काळं अन् इकडलं काळं एक असतंय व्हय? तू पोतं आण."

भागम्मानं पोतं आणलं. मी फ्रीजखाली आणखी आत सरकले. तिनं पोतं झटकलं, चौघडी घातली आणि गल्ल्याच्या पायाशी अंथरलं.

"ही हितंच बसणार. दानम्माला मी दुसरी बघून देते. हिला धाडल्यावर शेंगा कोण राखंल? तुमची विलायतेची बाई चौकटीतनं उतरणाराय व्हय, घूस धरायला?"

प्रशांतकुमार खो खो हसला. अण्णा मिशीत काहीतरी पुटपुटला. "बरं, ऱ्हाऊ दे. पण बोहनीच्या आधी बाहेर न्हाई, सांगून ठेवतो."

तर अशी सगळी गोष्ट. विलायतेची मांजर आली, गल्ल्याशेजारीच बसली, पण ती भिंतीवर, काचेच्या आड, आणि पांढरीही निघाली नाही. पोतं निघालं, पण त्यावर मी झोपते. गंगव्वाचं निम्मं खरं झालं, निम्मं मिक्सरमध्ये गेलं.

आता सकाळी बाटल्यांच्या खोलीच्या फटीतून मी बघते. अण्णा दुकान झाडतो, उदबत्ती लावतो आणि देवाच्या फोटोनंतर तिच्या तसबिरीपुढंही दोनदा ओवाळतो. "लक्ष्मी, पहिलं गिऱ्हाईक चांगलं धाड," म्हणतो. एक काळी भिंतीवर, एक काळी कडीआड, दोघी एकाच गिऱ्हाइकाची वाट बघत.

तिला दूध नाही, भाकरी नाही, भागम्माचा हात नाही, हे मला कळतं. तरी खरं सांगू? उदबत्तीचा वास फटीतून आत आला की अजून माझी शेपटी फुगते.

उमरग्याच्या रस्त्यानं जाणाऱ्या बाबांनो, प्यायचं नसेल तर पिऊ नका, नुसत्या शेंगा घ्या. पण सकाळी जरा लवकर या.