भिडूची खूण

आर्जाचं डोकं सकाळपासून फिरलं होतं. अर्धांगाच्या झटक्यानं ओत्तोरिनोचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हापासून त्याची मुलगी मोरेना रिमिनीहून येऊन राहिली होती, आणि बापाचं पुढं काय करायचं हे ती पत्त्यांना विचारत होती. समुद्रकिनाऱ्यावर ती उन्हाळी पाहुण्यांचं भविष्य सांगून पोट भरायची, ते ठीक. पण इथं बोलोन्यात, ज्या टेबलावर आर्जा आणि ओत्तोरिनो तीस वर्षं भिडू म्हणून तारोक्की, म्हणजे टॅरोच्या पत्त्यांचा डाव, खेळले, त्याच टेबलावर तीच पानं मांडून ती सांगत होती, की बाबांना आता काही कळत नाही, त्यांना मी माझ्याकडे नेते.

आर्जानं तिची चांगलीच खरडपट्टी काढली. ही पानं राजेरजवाड्यांनी खेळण्यासाठी सोन्याचा वर्ख लावून रंगवून घेतली. याच शहरात पोपच्या माणसाला पत्त्यांवरचे पोप खपेनात, तर त्यांच्या जागी चार मूर सरदार आले, पण डाव काही थांबला नाही. मग पॅरिसमधल्या कुणा रिकामटेकड्याला त्यात इजिप्तची गुप्त विद्या दिसली, आणि तेव्हापासून जो उठतो तो भविष्य सांगतो.

"मावशी, त्या पॅरिसवाल्याच्या आधी आपल्या बोलोन्यातच लोक यावर भविष्य बघायचे," मोरेना म्हणाली.

"असतील. मूर्ख काय तेव्हा नव्हते?"

शेवटी आर्जानंच तोडगा काढला. एक डाव खेळायचा. ओत्तोरिनोला कळतंय असं दिसलं, तर कुठं राहायचं ते तोच ठरवील. तो काय ठरवील याबद्दल तिला काडीचीही शंका नव्हती. शिवाय या खेळात तोंड उघडायला बंदीच असते. भिडूला सांगायला तीनच खुणा: टेबलावर मूठ आपटली तर 'मोठं पान टाकून हात घे', पान घासत टाकलं तर 'हुकूम खेळ', आणि पान हवेत उडवलं तर 'या रंगाचं माझ्याकडे आता काही उरलं नाही'.

शेजारच्या फाउस्तोला बोलावलं. तो आणि मोरेना एका बाजूला. लहानपणी बापानंच तिला शिकवलं होतं. ओत्तोरिनोला पानं धरता येईनात, म्हणून कपड्यांचा ब्रश उलटा ठेवून ब्रशाच्या केसांत पानं खोचून दिली.

पहिले काही हात तो ढिम्म होता. आर्जा आतल्या आत जळत होती. मोरेनाच्या डोळ्यांतली कीव तर तिला अजिबात बघवत नव्हती.

मग ओत्तोरिनोनं एक फालतू हुकूम टाकला आणि डावी मूठ टेबलावर आपटली. आर्जानं आपला देवदूत टाकला, सर्वांत मोठा हुकूम. मोरेनाकडं एकच हुकूम उरला होता, त्याच्या खालोखालचा, 'जग'. तो तिला मुकाट्यानं द्यावा लागला.

"सगळी पानं मोजून होता की गं हा," फाउस्तो पुटपुटला.

"आता बोल," आर्जा मोरेनाला म्हणाली. मोरेनाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, पण ती हसत होती.

पुढचा हात ओत्तोरिनोनं घेतला, आणि पुन्हा उतारी त्याची. त्यानं पेल्यांच्या रंगाचं एक पान काढलं आणि हवेत उडवलं. पेले संपले तर. आर्जानं मनात नोंद केली. तो हात फाउस्तोनं घेतला, पण लगेच उतारी ओत्तोरिनोकडं परत आली, आणि त्यानं पुन्हा पेलाच काढला. पुन्हा उडवला.

आर्जाला संताप आला. तीस वर्षांत या माणसानं खोटी खूण कधी केली नव्हती, आणि आजच करायची होती? "तुझ्याकडे पेले आहेत ना रे?" नियम मोडून ती बोललीच.

ओत्तोरिनोनं ब्रश तिच्याकडे वळवला. त्यात आणखी तीन पेले होते. तिनं ते नीट बघेपर्यंत तो थांबला, मग एकेक काढून उडवत गेला. शेवटचा तिच्या मांडीवर पडला. तिनं घोडचूक केली की तो जसा बघायचा, अगदी तसा तिच्याकडे बघत होता.

"मावशी," मोरेनानं हळूच विचारलं, "याचा अर्थ काय?"

पानांना अर्थ नसतो, हे महिनाभर आर्जाच तिला बजावत होती.

"इथलं संपलं म्हणतोय," ती म्हणाली. तिनं मांडीवरचं पान उचललं, टेबलावरची सगळी गोळा केली आणि गठ्ठा मोरेनाच्या हातात दिला. "बॅग भर त्याची. आणि तो ब्रश पण टाक."