जवळच्या संपर्कातली

ताई आणि भावोजी कामानिमित्त दोन दिवस बाहेरगावी निघाले आणि पाच वर्षांच्या भिंगरीला मामाच्या घरी सोडून गेले. जाताना ताईनं दारात उभं राहून इतक्या सूचना दिल्या, की गाडीत बसलेले भावोजी कंटाळून परत खाली उतरले. मामा प्रत्येक सूचनेला मान डोलावत होता. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे त्याला सराव दांडगा. गिऱ्हाईक आठवी फ्रेम नाकावर चढवून "ही कशी दिसते?" असं विचारतं, तेव्हा माणूस दुसरं करणार तरी काय?

भिंगरी हे नाव त्यानंच ठेवलेलं. पोरगी उभी राहिली की गिरकी घ्यायची. दात घासतानासुद्धा घ्यायची, आणि मग आरशावरचे पेस्टचे शिंतोडे पुसायचं काम मामाकडे यायचं.

शनिवारी संध्याकाळी ड्रायव्हरबाई जेवायला आल्या. या बाई शहरात बस चालवत. वर्षभरापूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स घ्यायला दुकानात आल्या होत्या. डोळ्यांचं काम संपलं, येणं काही संपलं नाही. दोघांचं चांगलंच जुळलं होतं, फक्त गिऱ्हाईक-दुकानदाराचं अहो-जाहो अजून सुटलं नव्हतं. ताईला यातलं अवाक्षर ठाऊक नव्हतं. तिनं आणलेल्या प्रत्येक स्थळाला मामानं नाक मुरडलं होतं. शिवाय ड्रायव्हरबाई घटस्फोटित, वर त्याच्याहून वयानं मोठ्या. येत्या सोमवारी ताईला सांगून टाकू, असं म्हणता म्हणता त्याचे बरेच सोमवार निघून गेले होते.

भिंगरीला असले प्रश्न पडले नाहीत. तिनं बाईंकडून बसचा हॉर्न आणि दार उघडण्याचा फुस्स आवाज तोंडानं काढून घेतला, त्यांच्याच चमच्यानं आइस्क्रीम खाल्लं, गालांचे पापे घेतले आणि त्यांच्या मांडीवर झोपून गेली.

रविवारी सकाळी मात्र ती उठेना. अंग चांगलंच तापलेलं. मामानं दूध पुढे केलं, ते ओकून टाकलं. "पाय दुखतात," एवढंच म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून पडली. आइस्क्रीमचा प्रताप, असं मामाला वाटलं. त्यानं ताईला फोन करून "थोडा ताप आहे, बघतो मी" असं जरा जास्तच निवांत आवाजात सांगितलं.

पण पांघरूण सारखं करताना त्याचा हात तिच्या पावलाला लागला आणि तो चपापला. पोट तव्यासारखं तापलेलं आणि पावलं थंडगार. मोजे घालायला गेला तर घोट्यापाशी जांभळट ठिपके दिसले, जांभळ्या पेनानं टिंबं काढावीत तसे. पेनाचेच असतील म्हणून त्यानं ओला रुमाल फिरवला. ठिपके हलले नाहीत. "भिंगरे, उठ बघू," तो म्हणाला. तिनं डोळे उघडले, त्याच्याकडे परक्यासारखं पाहिलं आणि परत मिटले.

गल्लीच्या टोकाला मुलांच्या डॉक्टरबाईंचा दवाखाना होता. रविवारी दुपारपर्यंत उघडा. मामा जन्माचा भिडस्त, रांगेत मागच्याला पुढे सोडणारा. आज तो पोरीला खांद्यावर टाकून, बाहेर बसलेल्या सगळ्या आयांना ओलांडून थेट आत शिरला. नंबर देणारी मुलगी "अहो, अहो" करत मागे आली. डॉक्टरबाईंनी भिंगरीकडे एक नजर टाकली आणि त्या मुलीला हातानंच थांबवलं.

त्यांनी भिंगरीच्या छातीवर बोट दाबून सोडलं. पांढरा पडलेला ठसा गुलाबी व्हायला फार वेळ घेत होता. मग फ्रॉक वर केला. पोटावरही ठिपके होते. घरून निघताना मामानं पोट पाहिलं होतं, तेव्हा तिथं काही नव्हतं.

"काचेचा पेला आहे का गं?" त्यांनी विचारलं. दवाखान्यात सगळे पेले प्लास्टिकचे. मामानं खिशातून एक कोरी काच काढून पुढे केली. चष्म्यात बसवायच्या काचा त्याच्या खिशात सुट्ट्या पैशांसारख्या पडलेल्या असत.

डॉक्टरबाईंनी ती पोटावर दाबली. आजूबाजूची कातडी पांढरी झाली, ठिपके तसेच राहिले.

"साधं पुरळ दाबल्यावर दिसेनासं होतं," त्या म्हणाल्या. बोलता बोलता त्या इंजेक्शन भरत होत्या. "हे कातडीच्या आत सांडलेलं रक्त आहे. हिच्या रक्तात जंतू शिरलेत असं मला वाटतंय. मेनिंगोकॉकस म्हणतात त्याला. कुठल्या औषधाची ऍलर्जी?"

"नाही. ताई म्हणाली होती, नाही म्हणून." ताईच्या सूचनांपैकी ही एक त्याच्या डोक्यात राहिली होती. "म्हणजे मेंदूज्वर का?"

"तोही याच जंतूनं होतो. कधी हा मेंदूच्या आवरणाला धरतो, कधी रक्तातून पसरतो, कधी दोन्ही. नक्की काय ते तपासण्या सांगतील. पण औषधाला तपासण्यांसाठी थांबवायचं नसतं. धरा पाय."

मामानं पाय धरला. सुई टोचली तरी भिंगरी फक्त कण्हली. एरवी नखं कापतानासुद्धा ही पोरगी बिल्डिंग डोक्यावर घ्यायची. डॉक्टरबाईंनी स्वतः फोन करून अँब्युलन्स बोलावली आणि इस्पितळाला कळवलं. "वेळेवर आणलंत," त्या म्हणाल्या. मामानं सकाळच्या निवांत फोनचं सांगून टाकलं. "आता ताईंना फोन करा. आणि आवाज निवांत ठेवू नका."

इस्पितळात भिंगरीभोवती माणसांचा गराडा पडला. एकानं रक्त घेतलं, दुसऱ्यानं सलाईन लावलं, तिसऱ्यानं नाकावर ऑक्सिजन. तरुण डॉक्टर मधूनमधून मामाला सांगत होता, जसं कुणी रस्ता अनोळखी असलेल्या माणसाला पुढचं वळण सांगावं. "रक्तदाब खाली आहे, म्हणून सलाईन जोरात सोडलंय. पाठीतलं पाणी काढून तपासायचंय, पण आत्ता नाही. आधी हिला जरा सावरू दे."

दुपारी ताई आणि भावोजी येऊन पोचले. ताई रडली नाही. तिनं मास्क लावला, पोरीच्या कपाळावर हात ठेवला आणि डॉक्टरला इतके नेमके प्रश्न विचारले, की तो सरळ उभा राहून उत्तरं द्यायला लागला. रक्तदाब हळूहळू चढत होता. भिंगरीची बोटं ऊबदार व्हायला लागली होती.

तेवढ्यात एक सिस्टर आल्या. पोक्त, प्रेमळ आणि भलत्याच चौकस.

"गेल्या आठवड्यात हिच्या अगदी जवळच्या संपर्कात कोण कोण होतं? घरात राहणारे, पापे घेणारे, उष्टं खाणारे. त्यांना गोळ्या द्यायच्यात. घशात जंतू असेल तर निघून जाईल."

"मी, हिचे बाबा आणि हा," ताई म्हणाली.

"काल मामांच्या घरी आणखी कोणी?"

नाही म्हटलं असतं तर तिथंच विषय मिटला असता. पण उष्टा चमचा त्याच्या डोळ्यांपुढे नाचत होता.

"एक बाई होत्या," तो म्हणाला. "जेवायला. म्हणजे नेहमीच येतात. भिंगरीनं त्यांच्या चमच्यानं खाल्लं, पापे घेतले, मांडीवर झोपली."

"आणि तुम्ही?" सिस्टर म्हणाल्या. "तुमचाही जवळचा संपर्क?"

मामा कानापर्यंत लाल झाला. भावोजी खिडकीबाहेर बघायला लागले, जणू पार्किंगमध्ये काहीतरी पाहण्यासारखं घडत होतं.

"कधीपासून?" ताईनं विचारलं.

"वर्ष झालं."

ताईनं त्याच्या खिशातला मोबाइल काढून त्याच्या हातात ठेवला. मग म्हणाली, "फोन लाव आधी. बाकीचं नंतर. बघते मी तुला."

ड्रायव्हरबाई ड्यूटीचा गणवेश घालूनच आल्या. ताईनं त्यांना पाहिलं आणि तिच्या भुवया वर गेल्या. मागच्या हिवाळ्यात बस थांबवली नाही म्हणून तिनं ज्यांची तक्रार केली होती, त्या याच.

"तुम्ही थांब्यावर नव्हताच, थांब्याच्या पुढे होतात," ड्रायव्हरबाई हळूच म्हणाल्या, आणि लगेच, "पोरगी कशी आहे?"

"सावरतेय," ताई म्हणाली. मग तिच्या मनातलं बाहेर आलंच. "दिवसभर सगळं गाव तुमच्या पाठीवर खोकतं. तिथूनच आलं असेल ना हे?"

ड्रायव्हरबाईंचा चेहरा उतरला. मामा मध्ये पडणार, तोच डॉक्टर म्हणाला, "तसं सांगता येत नाही. कितीतरी जणांच्या घशात हा जंतू राहून जातो, त्यांना पत्ताही लागत नाही. तुमच्या असेल, मामांच्या असेल, शाळेतल्या कुणाच्याही असेल. यात कुणाची चूक नसते."

ताईनं बाकावरची आपली पिशवी उचलून बाईंना जागा करून दिली.

"बसमधल्या लोकांनाही गोळ्या द्याव्या लागतील?" बसता बसता बाईंनी विचारलं.

"नाही, नुसतं एका बसमध्ये बसल्यानं नाही," डॉक्टर म्हणाला. " आणि घाबरू नका, या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते. डोळ्यांतलं पाणीसुद्धा."

दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. जंतू तोच होता, पण चालू औषधाला दबणारा. भिंगरीनं डोळे उघडून "आई, भूक लागली" असं म्हटलं, तेव्हा मात्र ताईचा बांध फुटला. डोळे पुसलेला रुमाल नारिंगी झालेला पाहून ती दचकली. शेजारी जाड काचांचा जुना चष्मा लावून बसलेल्या ड्रायव्हरबाई म्हणाल्या, "माझ्या तर लेन्सच नारिंगी होऊन वाया गेल्या. आणि यांनी गोळीबरोबर साधं सांगितलंही नाही, लेन्स काढा म्हणून. चष्म्याचं दुकान आहे म्हणे." ताई रडता रडता हसली. मामानं बचाव केला नाही. त्याला खरंच सुचलं नव्हतं.

पाठीतलं पाणी मग तपासलं, त्यात जंतू नव्हते. पुढचे काही दिवस शिरेतून औषध चालू राहिलं. घोट्यापाशी एक डाग काळा पडला होता, तो भरून यायला वेळ लागणार होता, पण पाय शाबूत होता. घरी सोडण्याआधी कान तपासायचे होते. या आजारात कधी कधी ऐकू येणं कमी होतं, हे डॉक्टरनं आधीच सांगून ठेवलं होतं.

काचेच्या खोलीत भिंगरी मोठे हेडफोन लावून बसली. आवाज आला की डब्यात एक लाकडी ठोकळा टाकायचा. बाहेर चौघं उभी होती. पहिला ठोकळा पडला. मग बराच वेळ काहीच नाही. ताईनं ड्रायव्हरबाईंचा दंड घट्ट धरला. मग आणखी एक पडला. मग एक. तपासणाऱ्या बाईंनी आवाज इतका बारीक केला, की त्यांच्या यंत्राचा काटा जेमतेम हलत होता. भिंगरीनं मान वाकडी केली, विचार केला आणि ठोकळा टाकला.

"दोन्ही कान ठणठणीत," बाई दार उघडून म्हणाल्या.

ताईनं दंड सोडला नाही. भावोजी चष्मा काढून पुसत राहिले. मामा चहा आणायला खाली गेला, आणि जिन्यात भेटलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्या गृहस्थांना त्यानं थांबवून सांगितलं, की त्याच्या भाचीला सगळं ऐकू येतं.