दोरी सपाटीवरच्यांना लागते

"डोंगर तोक्तोमुशला वाट विचारतो, तोक्तोमुश डोंगराला विचारत नाही!" अशी गर्जना करून जिर्गलान गावच्या सर्वांत जुन्या वाटाड्याने केसाळ टोपी कानांवर ओढली आणि तो संडासाला निघाला.

संडास अंगणाच्या टोकाला होता. मधे फक्त वादळ होतं.

पहाटेपासून हिमवादळाने दरी गिळली होती. स्कीइंगला आलेले अल्माटी शहरातले पाहुणे चुलीभोवती अडकून पडले होते. उद्या आभाळ उघडलं तर खिंडीत वाटाड्या म्हणून कोणाला न्यायचं, तोक्तोमुशला की शेजारच्या किदीरअलीला, हे त्यांचं अजून ठरत नव्हतं. न्याहारीपासून तोक्तोमुश त्यांना बजावत होता, की अशा हवेत दोरीशिवाय उंबरा ओलांडायचा नाही.

"मग तुम्हीही बांधा की, म्हातारबा," बायको बुरुलचा म्हणाली.

"मी काय पाहुणा आहे? दोरी सपाटीवरच्यांना लागते. नाहीतर किदीरअलीला, स्वतःच्या तबेल्यात जायला!"

किदीरअली दर हिवाळ्यात दारापासून तबेल्यापर्यंत घोड्याच्या केसांची दोरी ताणत असे, आणि तोक्तोमुश दर मेजवानीत तिच्यावरून त्याची टर उडवत असे. पाहुणेही पोट धरून हसले.

बाहेर पडल्यावर त्याला आधी अंगण दिसेनासं झालं, मग स्वतःचे हात. संडास काही येईना. वारा वळला तसा तोही वळत गेला, आणि शेवटी एका लाकडी भिंतीवर आपटला. आतून घोडा फुरफुरला.

किदीरअलीचा तबेला! कुंपण बर्फाखाली गेलं असणार, म्हणजे आपण ओलांडून आलो.

हाक मारावी, तर वसंतापर्यंत प्रत्येक लग्नात हाच किस्सा. तो भिंतीला चिकटून उभा राहिला. मिशा गोठल्या, पायाची बोटं परकी झाली. बरं आहे, वीरमरण येईल, असं त्याने मनाशी म्हटलं. मग आठवलं, की मयताला जमलेले लोक विचारणार, बिचारा निघाला कुठे होता?

"किदीरअली बाइके!" तो ओरडला. किदीरअली वयाने लहान होता, तरी तोंडातून मोठ्या भावाची हाक निघाली. "वाचवा! तुमची दोरी खरी, मी गाढव!"

शेजारीच दार उघडलं. दारात डाव घेऊन बुरुलचा उभी होती, आणि तिच्यामागे सगळे पाहुणे.

"किदीरअली इथे राहत नाही," ती म्हणाली. "इथे तुम्ही राहता."

तबेला त्याचाच होता, घराला चिकटलेला.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. त्यांनी त्याला दारासमोरच्या मानाच्या जागी बसवलं, पाठीशी उशा रचल्या, हातात चहाचा वाडगा दिला. त्याने मान वर केली नाही.

पाहुण्यांतली झानार हळूच म्हणाली, "बाइके, राग मानू नका... किदीरअलींचं घर कुठल्या बाजूला?"

तोक्तोमुशने बोट दाखवलं. बुरुलचाने ते बोट अलगद धरून उलट दिशेला वळवलं.

पाव मांडला गेला. घरातल्या थोरल्याने आशीर्वाद दिल्याशिवाय घास घ्यायचा नसतो, म्हणून सगळ्यांनी तळवे उघडे धरले. तोक्तोमुशचा आशीर्वाद लांबलचक असे, त्यात पूर्वज येत, शिखरं येत. आज त्याने तळवे उघडले, त्यांच्याकडे पाहिलं आणि घसा खाकरला.

"आधी जरा ती दोरी आणा कोणीतरी," तो पुटपुटला. "माझं जायचं राहिलंच आहे."