राघोत्तमरावांनी निकाली काढलेली फाईल

मित्रांनो, मला कायमची बंद करून राघोत्तमरावांना काय मिळणार होतं? वर्षाकाठी दोन मोकळ्या सकाळी आणि लाल फीत आवळून गाठ मारण्याचं सुख. छत्तीस वर्षं सरकारी दफ्तरखान्यात काढलेल्या माणसाला गाठीचं सुख मोठं.

मी एक जुनी फाईल आहे, राघोत्तमरावांच्या यकृताची. जन्म दक्षिणेतल्या तिरुवल्लिकेणी पेठेत, कागदाच्या दुकानातला; अंग खाकी पुठ्ठ्याचं. २००२ साली त्यांना हिपटायटिस सी निघाला आणि मी कामाला लागले. वर्षभर दर आठवड्याला इंजेक्शन, वर ताप; पण प्रत्येक चिठ्ठी त्यांनी आकडा घालून माझ्यात लावली. "इतकी नेटकी फाईल कुणी आणत नाही," असं डॉक्टर कामाक्षी म्हणाल्या, तेव्हा मी फुगले. तेही फुगले.

शेवटी विषाणू गेल्याचा रिपोर्ट आला. डॉक्टरांनी बजावलं, "यकृतावरचे जुने व्रण आहेतच. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करा." तसं लिहूनही दिलं. राघोत्तमरावांनी मान डोलावली, घरी येऊन माझ्यावर सुबक अक्षरात 'प्रकरण निकाली' लिहिलं आणि मला माळ्यावर ठेवलं.

तीन वर्षांनी, नवरात्र संपल्यावर, गोलूच्या, म्हणजे नवरात्रात पायऱ्यांवर मांडायच्या, बाहुल्या गुंडाळायला कागद हवा म्हणून त्यांच्या पत्नी सरोजाबाईंनी माझी गाठ सोडली. वाचलं आणि बाहुल्या राहिल्या बाजूला.

"अहो, सहा महिन्यांनी म्हणून लिहिलंय की हो!"

"निकाली फाईल वरिष्ठांच्या हुकुमाविना उघडत नाही, सरोजा."

"अय्यो! आणि ह्या घरात वरिष्ठ कोण?"

राघोत्तमरावांनी खिशातलं पेन काढून पुढे केलं. बाईंनी माझ्यावर 'फेर उघडावी' लिहून ठसठशीत सही ठोकली.

सोनोग्राफीत सुपारीएवढा डाग दिसला. पुढच्या तपासण्यांत तो कर्करोगच निघाला. "लहान आहे तोवर आलात," म्हणत डॉक्टरांनी तो आत सुई घालून जाळून टाकला.

आज २००९. माझ्या कडा फाटल्यात, पोट सुटलंय, आणि दर सहा महिन्यांनी मी राघोत्तमरावांच्या काखेत बसून ऐटीत दवाखान्यात जाते. परवाचाही रिपोर्ट स्वच्छ!

मित्रांनो, तुमच्या घरी कुणी ह्या आजारातून बरं झालं असेल, तर पुढची तपासणी लागते का, हे डॉक्टरांना विचारा. माझ्या बहिणींना माळा दाखवू नका.

आता हिशेब. सोनोग्राफीला उपाशीपोटी जावं लागतं. यकृत राघोत्तमरावांचं, आयुष्य वाढलं तेही त्यांचंच. पण त्या सकाळी सरोजाबाईही कॉफीचा घोट घेत नाहीत, आणि त्यांना तर कुठल्याच डॉक्टरनं उपास सांगितलेला नाही.