दाराआडची तारीख

मित्रांनो, मी एक जुना सिम्युलेटर आहे. म्हणजे विमानाचं नुसतं डोकं. मला पंख नाहीत, आणि जन्मात कधी मी जमीन सोडलेली नाही. तरी ज्यांना ढगातून विमान न्यायचं असतं, त्यांना दरवर्षी माझ्याकडे यावंच लागतं. मी काचेबाहेर पांढरंफटक धुकं दाखवतो आणि त्यांनी नुसते काटे बघून मला सुखरूप उतरवायचं. ही परीक्षा हुकली, की ढगात शिरायची परवानगी गेली.

अठरा वर्षांपूर्वी मी नवा होतो. भलेभले घामाघूम होऊन बाहेर पडायचे आणि म्हणायचे, खरं विमान परवडलं, पण हा नको. मला भारी अभिमान वाटायचा. पुढे आसपासचे दोन सिम्युलेटर बंद पडले आणि सगळा भार माझ्या म्हाताऱ्या अंगावर आला. परीक्षकही एकच उरले. केसाएवढी चूकही खपवून न घेणाऱ्या या साहेबांना पाठीमागे सगळे मोजपट्टी म्हणतात. ते महिन्यातून दोनच दिवस येतात.

रुग्णांना नेणारं छोटं विमान चालवणारी आमच्या भागात एकच ताई आहे. तिच्या परवानगीची मुदत एकतीस तारखेला संपत होती, म्हणून तिनं चार महिने आधी नाव नोंदवलं. मिळालेल्या पहिल्या तारखेला साहेब आजारी पडले. दुसऱ्या तारखेला मीच घात केला, ऐन वेळी माझा पडदा काळा पडला. खऱ्या विमानात परीक्षा द्यावी तर खर्च चौपट, आणि तिच्या विमानाच्या मालकानं तर कानांवर हात ठेवले. माझं भाडंच तिच्या दीड महिन्याच्या पगाराएवढं. तेही तिनं पदरचं भरलं. शेवटी तारीख मिळाली ती नेमकी एकतिसावी.

त्या दिवशी तिनं मला काय चालवलं म्हणून सांगू! साहेबांनी मध्येच एक इंजिन बंद केलं, तरी तिनं काटे जागचे हलू दिले नाहीत. पडद्यावरच्या धावपट्टीची मधली रेषा तिनं सोडली नाही. मोजपट्टी चक्क "छान" म्हणाले.

मग त्यांनी दिवा लावला आणि माझा क्रमांक उतरवून घ्यायला मागे वळले. तो क्रमांक असलेलं माझं मान्यतापत्र दाराला आतून चिकटवलेलं आहे. दार लावलं तरच ते दिसतं, आणि दार लावलं की परीक्षेसाठी आत अंधार करतात. त्यावरची मुदत कालच संपली होती.

माझी देखभाल करणाऱ्या काकानं ती तारीख दोनदा वाचली. चाळीस वैमानिकांच्या तारखा त्यानं भिंतीवर लिहून ठेवल्यात, प्रत्येकाला आठवणीनं फोन करतो. त्यात माझी तेवढी नव्हती. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. यंत्र कालही हेच होतं आणि आजही हेच आहे, असं तो पुन्हा पुन्हा विनवत राहिला.

"मलाही दिसतंय ते," साहेब म्हणाले. "पण ही परीक्षा झालीच नाही, असंच मला लिहावं लागेल." पुढची तारीख सात आठवड्यांनी, तीही माझी तपासणी झाली तर. तोवर आभाळ मोकळं असेल तेव्हाच उडा, असं त्यांनी तिला सांगितलं.

"ढग बघून कुणी आजारी पडतं का, साहेब?" ताईनं विचारलं. साहेबांनी पेनाचं टोपण लावलं.

मित्रांनो, मी पेटलेलं इंजिन दाखवू शकतो, पंखावर साचलेलं बर्फ दाखवू शकतो. पण माझीच तारीख उलटली हे सांगायला माझ्याकडे एक दिवा नाही. तुमच्या आसपास एखादं जुनं यंत्र निमूट राबत असेल, तर त्याचे कागद तुम्हीच बघा. त्याला बोलता येत नाही हो.

दुसऱ्या दिवशी ताई नव्या अर्जावर सही करायला आली. बाहेर आभाळ भरून आलं होतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. बाळ किती दिवसांचं आहे, एवढंच तिनं विचारलं. मग तिनं खिडकीबाहेर पाहिलं.

"मला नाही येता येणार," ती म्हणाली. "दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.